कुणालाच ठसका नाही

करार केला तर पुढची दहा वर्षं कशी जातील ते दाखवणारं, तिसऱ्या ऑनलाइन विक्री-प्लॅटफॉर्मनं पाठवलेलं भविष्यचित्र सुचेता साळोखे यांनी पडद्यावर लावलं आणि दहाव्या वर्षापर्यंत पुढं नेलं. कोल्हापुरातला त्यांचाच मसाल्याचा कारखाना, तीच मोठी कढई. ऑर्डरी चाळीसपट झाल्या होत्या. कढईत मिरची भाजली जात होती आणि कुणालाच ठसका लागत नव्हता, कारण तिथं माणूसच नव्हतं.

"पहिल्या दोघांचंही असंच," त्या म्हणाल्या.

"आणि कुठलाच घेतला न्हाई तर?" बायाक्कानं विचारलं. कारखान्याच्या पहिल्या दिवसापासून मिरची तीच भाजत होती.

"आठ महिन्यांत कुलूप."

"हे चुकत न्हाई कधी?"

"शेजारच्या पापडवाल्यांचं तारखेसकट खरं झालं."

बायाक्का पडद्याजवळ सरकली. "मग जास्त दिवस मी कुठल्यात दिसतोय?"

सुचेताताईंनी तिन्ही भविष्यचित्रं पहिल्या वर्षापासून पुन्हा चाळली. "दुसऱ्यात. चौथ्या संक्रांतीपर्यंत."

"तोवर नातीची बारावी हुईल. त्योच घ्या. आणि वहिनी, तुमी त्यात कुठवर?"

सुचेताताईंनी दुसऱ्या करारावर सही केली. त्यात तिसऱ्या दिवाळीनंतर त्यांची खुर्ची रिकामी होती.

"मी आहेच की," त्या म्हणाल्या.