पणजोबांचं नाव

रझाकारांच्या धामधुमीत, जळत्या गावातून पळताना अरुंधतीबाईंची आणि त्यांच्या यजमानांची, जगन्नाथरावांची, ताटातूट झाली, त्याला आता बारा वर्षं होत आली होती. ते येतील या आशेवर त्या रोज एकभुक्त राहत आणि कपाळी ठसठशीत कुंकू लावत.

"आई, बारा वर्षं पत्ता न्हाई म्हटल्यावर शास्त्रच सांगतं, विधी करा म्हणून," शेवटी त्यांचा मुलगा नरहर म्हणाला.

"शास्त्राला घाई झाली असंल. मला न्हाई," त्या हळूच म्हणाल्या, पण त्याच्यासोबत शहागडला, गोदाकाठी आल्या.

संकल्पाला तीन पिढ्यांची नावं लागतात, आणि नरहरला पणजोबांचं नाव येईना.

"सरकारी नोकरीत लागलास, अन् पणजोबा ठाऊक न्हाई तुला," त्या पुटपुटल्या.

गुरुजींनी जुन्या घराण्यांची जाडजूड वही काढली. "तुमच्यातलं कुणी इथं येऊन गेलं असंल, तर पिढ्या बराबर सापडतील."

पान सापडलं. पणजोबांचं नाव होतं, आजोबांचंही होतं. त्याखालचा शेवटचा मजकूर वाचून मात्र नरहर वही मिटायला लागला. अरुंधतीबाईंनी ती त्याच्या हातातून घेतली. साल पंचावन्न होतं, आणि अक्षर यजमानांचं.

 

"द्वितीय पत्नी प्रेमला हिच्यासह येऊन, प्रथम पत्नी कै. अरुंधती व पुत्र कै. नरहर यांना पिंडदान केले."