खोटा सजदा

"कपाळ जमिनीला टेकलं पाहिजे," इद्दर भोंग्यातून सांगत होता. "नुसतं वाकायचं नाही. हिरो खडकावर हात पसरेल, सूर्य बरोबर त्याच्या डोक्यामागे येईल, की सगळ्यांनी सजदा करायचा. देवच उतरलाय समजा."

खडकावर निळ्या डोळ्यांचा परदेशी नट उभा होता. खाली मातकट झगे घालून अर्धं गाव. वाळवंटाच्या काठच्या या वर्झाझातच्या लोकांना सिनेमावाले नवे नाहीत. सगळे गुडघ्यांवर बसले. लाल्ला तुडा तेवढी उभी राहिली.

"मी नाही करणार," ती म्हणाली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. जन्मभर शाळेत फ्रेंच शिकवलं, तेही असंच हळू बोलून.

इद्दर धावत खाली आला. तो दिग्दर्शकाचा मदतनीस. याच गावचा, तिच्याच हाताखाली शिकलेला. "बाई, नाटक आहे हो हे. बास्सूकाकांना विचारा. गेल्या वर्षी रोमन शिपाई म्हणून मेले, त्याआधी इजिप्तचा गुलाम म्हणून."

"आणि दर वेळी जेवायला घरी," बास्सू म्हणाला. "बायको म्हणते, एकदा नीट मर की मेल्या."

हशा पिकला. तुडाही हसली. मग म्हणाली, "मरण खोटं करता येतं, इद्दर. सजदा खोटा होत नाही. कपाळ टेकलं की टेकलं. ते मी माणसापुढे टेकत नाही."

"पण पुस्तकात तसंच आहे. आणि ते पुस्तक तुम्हीच आम्हाला वर्गात वाचून दाखवलं होतंत."

ते खरं होतं. विशीत तिने त्या कादंबरीची पारायणं केली होती. वाळूचा एक दूरचा ग्रह, आकाशातून आलेला एक मुलगा, आणि त्याची वाट पाहणारे वाळवंटातले लोक. सिनेमा येणार म्हणून गेल्या आठवड्यात तिने ती जुनी प्रत पुन्हा काढली, मोठ्या हौसेने. पानागणिक तिचं डोकं तापत गेलं. त्या लोकांचे फेटे तिच्या आजोबांचे होते. त्यांच्या शपथा म्हणजे तिच्या आईच्या तोंडचे शब्द, मोडून उलटसुलट जोडलेले. तलवारींना नावं होती, मुलाच्या यानाला नाव होतं. पाणी वाहणाऱ्या एकाही बाईला नाव नव्हतं. ते लोक कधी हसत नव्हते. कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारत नव्हतं. आपल्याच वाळूवर कसं चालायचं ते परक्याने येऊन सांगेपर्यंत थांबायचं, आणि त्याने सांगितलं की मारत सुटायचं.

"तेव्हा मी त्या मुलाच्या बाजूने वाचत होते," ती म्हणाली. "आता त्याच्या पायाशी कोण पडलंय ते दिसतं. एवढ्या जाड पुस्तकात त्या लोकांना एकदाही नमाजाची वेळ होत नाही रे. इतकी वर्षं ते काय याच्यासाठीच रिकामे बसले होते?"

मागच्या दोघी-तिघी उठून तिच्याशेजारी आल्या. मग आणखी काही. आज नाही म्हटलं तर उद्यापासून कामाला बोलावणं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वरून दिग्दर्शक ओरडला. हिवाळ्यातलं ऊन भराभर उतरत होतं.

"बाई, माझी नोकरी जाईल," इद्दर हलक्या आवाजात म्हणाला.

तेवढ्यात गावातून अस्रची, उतरत्या दुपारच्या नमाजाची, अजान आली. इद्दरचा चेहरा एकदम उजळला. "बरं. नमाज तर पढाल?"

"तो तर पढणारच."

"मग इथेच पढा, या खडकासमोर. आम्ही तेवढं चित्र घेतो. तुमचा सजदा अल्लाला, माझं काम मला."

बास्सूने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तुडाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते मिटलं.

इद्दर वर पळाला. सकाळपासून त्याने सूर्य कुठे सरकतो एवढंच पाहिलं होतं. कॅमेरा सुरू झाला. नटाने हात पसरले. पश्चिमेला कललेलं बिंब त्याच्या डोक्यामागे अगदी जागेवर आलं.

खाली पाण्याचे डबे फिरून हातपाय धुऊन झाले होते. आणि सगळे जण सावकाश वळले, पूर्वेकडे, मक्केकडे. पुढे पुरुषांच्या रांगा लागल्या, मागे बायकांच्या. खडकाकडे नुसत्या पाठी राहिल्या.

दिग्दर्शक इद्दरचा दंड धरून विचारत होता, हे काय चाललंय. इद्दरने भोंगा तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली घेतला. बायकांच्या रांगेत त्याची आईही होती.

कपाळं वाळूला टेकली, उचलली, पुन्हा टेकली. वर तो मुलगा हात पसरून उभाच होता. शेवटी तुडाने मान उजवीकडे वळवून सलाम केला, मग डावीकडे.

मागे वळून पाहणं नमाजात नसतं.