वीस दिवसांची नाडी

"आकडा पुन्हा घाला," यंत्र तिसऱ्यांदा म्हणालं.

सिवारने दातओठ खाल्ले. मोहल्ल्याच्या दवाखान्यात नोंदणीचं हे यंत्र आल्यापासून रांग दुप्पट झाली होती. मोबाईलवर आकडा यायचा, तो घालेपर्यंत त्याची मुदत संपायची.

"बाबा, पट्टा कुठाय?"

शादलींनी बायकोकडे पाहिलं. मन्नूबियाने खजुरांच्या टोपलीतून काळा मनगटी पट्टा काढून दिला. "अंघोळीला काढला होता त्यांनी."

शादलींच्या मनगटाला तो बसेना. दोन भोकं सोडून सैल करावा लागला.

"मापसुद्धा धड नाही या वस्तूंना!" सिवार करवादली.

गेल्या रमजानात बाबा बागेतल्या विहिरीपाशी चक्कर येऊन पडले होते. बारा रोजे बुडाले. दुपारचं सूप पुढे आलं की पोरासारखे रडायचे. त्याआधी पन्नास वर्षांत एक रोजा चुकला नव्हता त्यांचा. यंदा डॉक्टरांनी अट घातली, वीस दिवस हा पट्टा घाला, हृदयाचे ठोके आमच्याकडे आपोआप येतील, ते नीट दिसले तरच रोजे. रमजान आठ दिवसांवर आला होता.

डॉक्टर वरच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मन्नूबिया जिन्यात मध्येच थांबली.

"चपलेत खडा गेलाय. व्हा पुढे."

"उम्मी, खालीही खडाच होता ना?"

"दोन पाय, दोन खडे," आई हसली. आजवर स्वतःसाठी ती हा जिना कधी चढलीच नव्हती. साधा तापही तिच्या वाटेला जात नाही, असं बाबा कौतुकाने सांगायचे.

तरुण डॉक्टरांची नजर संगणकाच्या पडद्यावरून हलली नाही. "नाव?"

"समोर बसलेत की!"

"इथे दिसावं लागतं, ताई." त्यांनी बोट फिरवलं आणि ते थबकले. "रोज्यांचं नाव काढू नका, काका. ठोके चुकताहेत. रात्री तर मध्येच थांबताहेत. आजच्या आज भरती व्हा."

शादलींचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, एकदा त्यांच्याकडे बघा तरी!" सिवारचा आवाज चढला. "आमचे जुने डॉक्टर आधी मनगट धरायचे, मग तोंड उघडायचे!"

डॉक्टर वैतागून वळले. शादलींचं मनगट धरलं. मिनिटभर थांबले. पुन्हा धरलं. छातीला नळी लावली. कपाळाला आठ्या पडल्या.

"नाडी तर उत्तम आहे. ठोकेही अगदी एकसारखे."

"म्हणजे यंत्रच खोटं!" सिवारला हसू आवरेना. "बाबा, धरा रोजे खुशाल!"

शादली हसले नाहीत. ते दाराकडे बघत होते. मन्नूबिया आत्ता कुठे पोचली होती. चौकट धरून, वाकून, चपलेतला खडा शोधत होती.

ते उठले. आपली खुर्ची त्यांनी हळूच तिच्याकडे सरकवली.

"डॉक्टर, आता हिचं मनगट धरा. वीस दिवस पट्टा माझ्या नाही, हिच्या मनगटावर होता."