भरल्या गाडीचं माप

मनीष मिस्त्रीने जीप उंच करायची दोन्ही लिफ्ट किट बाकावर मांडून ठेवली होती, एक दोन इंचाचं आणि एक चार इंचाचं, आणि प्रदीपची नजर चार इंचावरून हलत नव्हती. असली उंच जीप डोंगर चढताना त्याने मोबाइलवर इतक्या वेळा पाहिली होती, की ती आपलीच आहे असं त्याला आताशा वाटू लागलं होतं. पण मनीष हटून बसला. माप घ्यायचं ते भरल्या गाडीचं, रिकाम्या गाडीचं नाही, असं त्याचं म्हणणं. मागे किती माणसं बसतात हे त्याने विचारलं, तेव्हा प्रदीपने नऊ सांगितली. मनीषने पुन्हा विचारलं. मग बारा झाली, आणि शेवटी मान खाली घालून चौदा.

तेव्हा कंपनीतली शिफ्ट सुटल्यावर, प्रदीप रोज कामाला ने-आण करायचा त्या चौदाच्या चौदा बायका बोईसरच्या त्या गॅरेजात हजर झाल्या आणि रोज बसतात तशा जीपमध्ये बसल्या. जागेवरून रोज होते तेवढी कुरबूरही झाली. मनीष टेप घेऊन गाडीखाली शिरला. मागच्या स्प्रिंगचे पाटे वजनाने पार सपाट झाले होते. अजून कुणी बसायचं राहिलंय का, असं त्याने खालूनच विचारलं, आणि सगळ्या खिदळल्या.

प्रदीपला मात्र हसू येईना. मासवणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला त्यांचा पाडा. पाड्यावरून डांबरी सडकेला यायच्या वाटेत मधोमध एक खडक आहे. रोज सकाळी तिथे बायका उतरायच्या, रिकामी जीप रांगत पलीकडे जायची, मग सगळ्या पुन्हा चढायच्या. गेल्या आठवड्यात रिकामी असूनही इंजिनाखालचं चेंबर खडकावर फुटलं. ऑइल वाटेवर, जीप वाटेवर, आणि चौदाजणींचा दिवस बुडाला. कंपनीच्या सुपरवायझरने सांगून टाकलं, पुन्हा असं झालं तर चौदा दुसऱ्या बघू. तेव्हापासून प्रदीपच्या डोक्यात एकच होतं. स्वतःची भाकरी गेली तर गेली, पण यांची आपल्यामुळे जायला नको.

मनीषने हिशेब सांगितला. भरली जीप त्या खडकावरून न घासता जायची, तर चार इंच उचलायला हवी. दोन इंचाने भागणार नाही, बायका उतरवल्या तरी चेंबरचा भरवसा नाही. पण रोजच्या गाडीला, त्यातून एवढ्या माणसांच्या, दोनच बरे. चार इंचाने ती नागझरीच्या वळणावर डोलायला लागेल. शिवाय चढणं उतरणं आलंच. ते दाखवायला त्याने सगळ्यांना उतरवलं, जॅक लावून जीप चार इंच वर घेतली, खाली लाकडी ठोकळे सरकवले आणि आता चढा म्हणाला.

तेराजणी चढल्या. राहीबाई राहिली.

वयाने सगळ्यांत मोठी. दोन वर्षांपूर्वी प्रदीपने जीप आणली तेव्हा या पोराच्या गाडीत बसायचं कुणी म्हणून पाड्यावरच्या बायका आठ दिवस लांब उभ्या होत्या, आणि राहीबाई पहिल्याच दिवशी पदर खोचून एकटी मागे जाऊन बसली होती. आता तिने एक पाय वर टेकवला, दांडी धरली, पण अंग वर जाईना. आत बसलेल्या तानीने वरून हात दिला, तरी जाईना. ती पाय काढून बाजूला झाली.

मागे खाली एक पायरी वेल्ड करून द्या, असं तानीने सुचवलं. खडकाला पहिली तीच लागेल, मनीष म्हणाला. मग लाकडी पाट बरोबर ठेवू, चढताना खाली टाकू, असंही एकीने काढलं.

"पाटावर उभी राहायला मी नवरी हाय का?" राहीबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. तीही हसली, आणि मग प्रदीपकडे वळली. "चारचाच लाव तू. माजे गुडगे आता ऱ्हायलेच नाय. मी बसेन घरी."

ती खोटं बोलत होती हे प्रदीपला कळलं. घरी बसणाऱ्यातली बाई नव्हे ती. त्याला स्वतःचा राग आला. मोबाइलवरची ती उंच जीप त्याला त्या क्षणी नकोशी झाली. पण दोनचं लावावं तर चेंबर पुन्हा खडकावर. तो बाकाजवळ गेला, दोनचं किट उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

राहीबाईने मनीषला विचारलं, दोनचं लावलं तर नेमकं कमी किती पडतं. मनीषने बोटांत अंतर धरून दाखवलं. दोन इंच. तिने त्याचा हात धरून ते अंतर जवळून पाहिलं.

"एवढंच? आन् त्याच्यासाठी गाडी फोडता?"

कुणाच्या लक्षात येईना. खडक आजोबांच्या आधीपासून तिथे होता. खडकाने जागच्या जागी राहायचं आणि बाकी सगळ्यांनी त्याच्यापुढे बदलायचं, उतरायचं, चढायचं, हे सगळेच धरून चालले होते. त्यात प्रदीपही आला.

मनीषने ठोकळे काढले, जॅक दोन इंचांवर आणला. राहीबाईने दांडी धरली, जरा कण्हली आणि वर गेली. आपल्या जागेवरच्या तानीला तिने कोपराने सरकवलं.

"दोनचाच लाव, परदीप," ती म्हणाली. "वसईला, भिवंडीला लोकांच्या रस्त्याची खडी फोडली आमी. आपला येक दगड तेवढा ऱ्हायला. रविवारी समद्या घण घेऊन या."