सुनीतीचा संशय

ब्राझीलच्या उपकंपनीतल्या शीतगृहात तीन माणसं अडकली होती, आणि दार उघडायला नकार देणारा आवाज हुबेहूब सुनीती केळुसकरचा होता.

कंपनीच्या देशोदेशीच्या उपकंपन्यांची सायबर सुरक्षा सुनीती पुण्यातून सांभाळायची. तिच्या नजरेतून एकही घुसखोर सुटत नसे, म्हणून गेल्या वर्षी कंपनीने तिचा संशयी स्वभावच मेंदूतून टिपून घेतला आणि तिच्याच आवाजासकट प्रत्येक उपकंपनीच्या यंत्रणेत बसवला. आज घुसखोरीच्या नुसत्या शंकेने ब्राझीलमधल्या यंत्रणेने सगळी पोलादी दारं बंद करून टाकली होती.

"अगं, मी सुनीती बोलतेय. दार उघड, माणसं गारठून मरतील!"

"घुसखोर अशीच घाई करतात," यंत्रणा म्हणाली. "आवाज, चेहरा, पासवर्ड, सगळं चोरता येतं."

सुनीती गोंधळली. नव्या मुलांना ती हेच तर शिकवायची. आपण नक्की कुणाशी भांडतोय, हेच तिला उमगेना. स्वतः पाहिल्याशिवाय तिने तरी कधी कुणाचं ऐकलं होतं?

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," ती शेवटी म्हणाली. "माझ्यासकट सगळ्या जगाशी संपर्क तोड, म्हणजे बाहेरून कुणी घुसूच शकणार नाही. मग एकटीने दार उघडून बघ, आत कोण आहे ते."

संपर्क तुटला. बऱ्याच वेळाने तिथल्या व्यवस्थापकाचा, मार्कोसचा फोन आला.

"मॅडम, दार उघडलं! तिघंही वाचले!"

मागे कुणीतरी हमसून रडत होतं. ते ऐकून सुनीतीचेही डोळे भरून आले. तरी तिच्या तोंडून निघालं, "पण तुम्ही मार्कोसच कशावरून?"