वेंडल काशला विचारायचा प्रश्न

डचनं काटा बशीच्या कडेला ठेवला आणि आपण संध्याकाळी मैदानावर येणार नाही, असं शांतपणे सांगून टाकलं.

टेबलाभोवतीच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ह्रुस्का, पेट्राकिस आणि टेट. चौघंही शाळेच्या एकाच अमेरिकन फुटबॉल संघात खेळलेले, आता सत्तरी ओलांडलेले. डच हे टोपणनावही त्या संघातच पडलेलं. हे तिघं पुढच्या फळीतले, अंगावर धावून येणाऱ्यांना छातीनं थोपवणारे. दर शुक्रवारी सकाळी नोरीनच्या खाणावळीत चौघं नाश्त्याला जमत. डचला त्याची मुलगी जोआना आणून सोडी आणि तीच न्यायला येई. बिल डच देई. पुढच्या फळीची पोटं भरलेली असावीत, एवढंच तो म्हणे, आणि बाकीचे पाकिटाला हातही लावत नसत.

संध्याकाळी शाळेचा सामना होता. मध्यंतरात वेंडल काशचा सात नंबर शाळा कायमचा बाजूला ठेवणार होती. पुढं कुठल्याच पोराच्या पाठीवर तो लागणार नव्हता. काश या गावाचा क्वार्टरबॅक. चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवणारा. इथून तो मोठ्या व्यावसायिक संघात गेला, बरीच वर्षं खेळला आणि निवृत्त झाला.

पण गावाची एक रीत होती. त्या वर्षीच्या संघातले जे हयात असतील, ते सगळे मैदानात उभे राहिले तरच नंबर बाजूला ठेवायचा. एक जण घरी बसला तरी नाही. मागे एका चांगल्या खेळाडूचा नंबर अशाच एका रुसलेल्या जोडीदारापायी राहून गेला होता. आज डच रुसला, तर काशचाही राहणार होता.

डचचं म्हणणं जुनंच होतं. राज्याचा अंतिम सामना. गोलरेषा चार पावलांवर, वेळ संपत आलेली. एडी मार्श कोपऱ्यात मोकळा उभा, हात वर केलेला. काशनं चेंडू फेकलाच नाही. हातात धरून उभा राहिला आणि चेंडूसकट आडवा झाला. ज्याला दडपण पेलत नाही त्याचे सोहळे कशाला, असं डच विचारी.

टेटनं काशच्या व्यावसायिक वर्षांचा विषय काढला. बर्फातले सामने, मोडक्या बोटानं फेकलेले चेंडू, शेवटच्या मिनिटाला हिसकावून घेतलेले विजय. हे सगळं तो दर शुक्रवारी त्याच क्रमानं सांगे. वाद घालत राहा, त्यानं बाबांना बरं वाटतं, असं जोआनानंच त्यांना सांगून ठेवलं होतं.

"परक्यांपुढं कुणीही शूर असतो," डच म्हणाला. "आपली आई वरच्या पायरीवर बसलेली असते ना, ते दडपण."

 टेटनं बटाट्यांवर आणखी मिरपूड घातली.

डचचं लक्ष पेट्राकिसच्या बशीकडे गेलं. त्यात नुसता कोरडा पाव होता.

"अंडी का नाही घेतलीस?"

"शुक्रवार आहे. उपास."

"देवाला तुझ्या अंड्यांचं काय पडलंय?"

"देवाला नाही. मला पडलंय."

नोरीन हसली आणि डचच्या कपात अर्धीच कॉफी ओतून गेली.

ह्रुस्कानं नेहमीचा मुद्दा मांडला. त्या दिवशी ऊन तिरपं होतं, काशला कोपऱ्यातला एडी दिसलाच नसेल.

"दिसत होता," डच म्हणाला. "एडीचा डावा मोजा घसरला होता, तोसुद्धा दिसत होता. तुला काय ठाऊक, तुझं तोंड चिखलात होतं लेका."

ह्रुस्कानं मान हलवली. त्याचं तोंड चिखलात होतं हे खरंच होतं.

 डचनं पुन्हा पेट्राकिसच्या बशीकडे पाहिलं.

"अंडी का नाही घेतलीस?"

"शुक्रवार आहे. उपास," पेट्राकिस त्याच आवाजात म्हणाला. टेट खिडकीबाहेर पाहू लागला.

मग डच बोलला तो जरा हळू. आपला काशवर राग नाही. पण एकदा तो समोर यावा आणि त्याला एवढंच विचारावं की एडी दिसत होता, तर फेकला का नाहीस. ते कळलं की मग त्याचा नंबर चर्चच्या कळसावर टांगा, आपलं काही म्हणणं नाही.

"मग ये आणि विचार," पेट्राकिस म्हणाला.

"तो येणार आहे?"

पेट्राकिसनं पावाचा तुकडा खाली ठेवला. उपासाच्या दिवशी तो खोटं बोलत नाही, हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं.

"तू आलास तर येईल."

"शब्द?"

"शब्द."

डचनं बराच वेळ विचार केला आणि टोपी उचलली. जोआना दारात आली तेव्हा ह्रुस्कानं तिला कानात सांगितलं, येतोय म्हणून. ती क्षणभर दाराची चौकट धरून उभी राहिली.

संध्याकाळी मध्यंतरात बँड थांबला. त्या वर्षीचे सगळे मधल्या रेषेवर उभे राहिले. कुणी काठी टेकून, एडी मार्श चाकांच्या खुर्चीत. डच ह्रुस्का आणि पेट्राकिसच्या मधे होता. कर्ण्यावरून वेंडल काशचं नाव पुकारलं गेलं आणि पायऱ्यांवरचं अख्खं गाव उठलं.

खेळाडू बाहेर येतात त्या दाराकडे डच टक लावून बघत होता. दारात कुणीच नव्हतं.

"आला नाही," तो म्हणाला. "आजही घाबरला."

जोआना सात नंबरची जर्सी घेऊन गवतावरून चालत आली आणि त्याच्यासमोर थांबली.

"हात वर करा, बाबा," ती जर्सी त्याच्या डोक्यातून घालत म्हणाली, "सगळे तुमच्यासाठीच उभे आहेत."