आधी बक्षीस, मग सामना

"आमदारसाहेबांना गोरजाचं लग्न गाठायचंय. बक्षीस आधी उरकून घ्या, सामना काय नंतरही खेळता येईल," मंडळाच्या अध्यक्षांनी फर्मान सोडलं.

ऋजुता हातातल्या वेळापत्रकाकडे बघतच राहिली. दोन वर्षं क्रीडा व्यवस्थापन शिकून सुवर्णपदक मिळवलेलं, आणि जिल्हा कबड्डी स्पर्धा हे पहिलंच काम. मिनिटामिनिटाचं नियोजन केलं होतं तिनं. फक्त अठ्ठेचाळीस सत्कार धरायचे राहिले. अभ्यासक्रमात शाल-श्रीफळाचा धडाच नव्हता ना!

"पण सर, अजून कोण जिंकलंय तेच ठरलेलं नाही."

"मग नाणं उडवा. क्रिकेटवाले उडवतातच की!"

नाणं उडालं. निळ्या संघाच्या कर्णधारानं चषक उंचावला, साहेबांनी हसून फोटो काढून घेतला आणि गाड्यांचा ताफा धुरळा उडवत निघून गेला. मग उरल्यासुरल्या उजेडात अंतिम सामना झाला. लाल संघ नऊ गुणांनी जिंकला.

ऋजुतानं निकालाचा कागद अध्यक्षांपुढे धरला. त्यांनी तो शांतपणे वाचला, नीट घडी घातली आणि तिच्याच हातात परत दिला.

"फोटो पेपरला गेलाय, मॅडम. आता निकालाचं काय करता येतंय ते बघा. मॅनेजमेंटच शिकलात ना?"